फक्कीचे बांध

पस्तीस वर्षांच्या कामातलं मला कुणाला काहीच दाखवता येत नाही. गवंडी रस्त्याने जाताना सांगू शकतो, ही भिंत माझ्या हातची. सुतार एखाद्या दारावर हात फिरवून दाखवतो. माझं काम इमारतीच्या आधीचं. जेसीबीचा पहिला दात जमिनीत घुसला की ते संपतं. चांगलं झालं असेल तर कुणाला त्याची आठवणही राहत नाही. वाईट झालं असेल तर मात्र भिंत उभी आहे तोवर लोक नाव काढतात.

मी लाइनआऊट करायचो. मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, इमारतीची आखणी करायची. इंजिनिअर कागद देतो. कागदावरची बोटभर रेघ जमिनीवर शंभर पावलं होते. कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोरी ताणून बांधायची आणि दोरीच्या कडेने मुठीतून फक्की सोडत मागे मागे जायचं. उलट्या पावलांनी अशासाठी, की आपलाच पाय आपल्या रेघेवर पडू नये. काटकोनाला तीन, चार, पाच हे माप. एका बाजूला तीन हात, दुसरीला चार हात, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर पाच हात भरलं की कोपरा गुण्यात आला. शेवटी आडवे कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे भरले की चहा प्यायचा.

हे काम उजाडल्या उजाडल्या करायचं. वारा नसतो, जमिनीवर दंव असतं, फक्की पडल्या जागी बसते. काल्हेरच्या आमच्या पट्ट्यात थंडीत खाडीवरून धुकं चढतं आणि पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. त्या धुक्यात मी मागे मागे जायचो आणि माझ्यासमोर रेघ लांबत लांबत नाहीशी व्हायची. ऊन वर आलं की धुकं फिटायचं, आणि कालपर्यंत नुसतं शेत होतं तिथे एक भलंमोठं गोडाऊन जमिनीवर आडवं पडलेलं दिसायचं. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण दारं कुठे, खांब कुठे, ट्रक कुठे लागणार, सगळं ठरलेलं. मी त्या दारातून आत जायचो, भिंत ओलांडायची नाही असं मनाशी पाळायचो. कामातला तेवढाच वेळ मला आवडायचा. पुढे खरं गोडाऊन उभं राहिलं की मी ते मुद्दाम बघायला कधी गेलो नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका शेठला कुणी सांगितलं, गोडाऊनचं तोंड जरा पूर्वेकडे वळवा. मी आखणी मोडून पुन्हा केली. सांगणारा पुन्हा आला, म्हणाला, अजून जरा. असं तीनदा झालं. गोडाऊन उभं राहिल्यावर लक्षात आलं की फाटकातून आत आलेला ट्रेलर आता वळतच नाही. आजही तिथे गाड्या रस्त्यावरूनच उलट्या आत घेतात, आणि ड्रायव्हर लोक ज्याला शिव्या घालतात तो मी. दुसरं गिऱ्हाईक नारपोलीचे हाजीसाहेब. त्यांच्या शेडमध्ये कापड विणायच्या लूम बसवायच्या होत्या, त्यांच्या पायांची आखणी मी केली. हाजीसाहेब दोन खुणांच्या मधून हात पसरून, कारागीर चालतो तसे चालून बघत होते. म्हणाले, कारागिराचं ढोपर लूमला आपटता कामा नये, बाकी तुम्हाला जमेल तसं करा. जमिनीवरच्या रेघेत माणूस बघणारं गिऱ्हाईक मला ते एकच भेटलं.

त्यांचीच मुलगी सफिया. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात ती निजामपुऱ्यातून रिक्षा करून माझ्या घरी आली. तोवर माझं काम सुटलं होतं. गुडघे गेले होते, आणि तिपाईवरचं नवं मोजणीयंत्र आल्यावर दोरीवाल्याला कुणी बोलवेनासं झालं होतं. सफिया मुंबईत चित्रकलेच्या कॉलेजात शिकवते. मी तिच्या वडिलांच्या शेडमध्ये रेघ मारत होतो तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती म्हणे. लूम विकल्या गेल्या, शेडमध्ये आता दुसऱ्याच कुणाचं दुकान आहे, पण ती पांढरी रेघ तिच्या डोक्यात राहिली होती.

तिला जे हवं होतं ते समजायला मला वेळ लागला. आमच्या गावाला लागून काशिनाथचा प्लॉट आहे. काशिनाथ माझ्या वर्गातला, आता जमिनीचा मोठा व्यापारी. प्लॉटवर तेव्हाच्याही दोन वर्षं आधी मुरमाचा भराव पडला होता आणि संक्रांत झाली की गोडाऊनचं काम सुरू व्हायचं होतं. भरावाखाली आमच्या गावची भातशेतं. सफिया म्हणाली, "काका, खाली जे बांध गाडले गेलेत ते मला वर काढायचेत. फक्कीने. होते तिथे, होते तेवढेच."

मी विचारलं, मग पुढे काय.

"पुढे काही नाही. राहतील तोवर राहतील."

मग तिने मला चहा गार होईपर्यंत समजावलं. लांबच्या देशांत काही चित्रकारांना चौकटीतल्या चित्रांचा कंटाळा आला आणि ते माळावर, वाळवंटात गेले. कुणी मातीचे ढीग सरकवले. कुणी एकाच गवतातून इतक्या वेळा येजा केली की पाऊलवाट उमटली, आणि तेच त्याचं चित्र. काही जण म्हणाले की काम होत असताना जे घडतं आणि नंतर जे विरून जातं तेच खरं, मागे वस्तू राहायलाच हवी असं नाही. आणि काही जण तर हातही लावत नाहीत. काय करायचं ते कागदावर लिहितात, रेघ दुसराच कुणी मारतो, तरी चित्र त्या लिहिणाऱ्याचं, कारण विचार त्याचा.

मी म्हणालो, मग मी पस्तीस वर्षं तेच केलं. कागद इंजिनिअरचा, रेघ माझी, गोडाऊन शेठचं. त्याला कुणी चित्र म्हणालं नाही.

ती म्हणाली, म्हणून तर तुमच्याकडे आले.

काशिनाथने आठ दिवस दिले. हाजीसाहेबांची आणि त्याच्या वडिलांची जुनी ओळख होती, आणि प्लॉट तसाही रिकामा होता. त्याच्यासमोर मी फक्कीची पोती उतरवली तेव्हा तो हसून म्हणाला, दत्त्या, म्हातारपणी रांगोळी काढायला लागलास.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. सफियाकडे गटाचा नकाशा होता, पण त्यात फक्त बाहेरच्या हद्दी. भाताचं शेत म्हणजे आतमध्ये लहान लहान तुकडे असतात. पाणी सपाट उभं राहावं म्हणून जमिनीच्या चढउताराप्रमाणे त्याची खाचरं पाडलेली असतात आणि प्रत्येक खाचराला मातीचा बांध असतो. ते बांध कुठल्याच कागदावर नसतात. मी लहानपणी त्यांच्यावरून धावलो होतो, म्हणून आठवेल तसं मारायला लागलो. दोरी लावायची नाही असं सफियाने बजावलं होतं. पण माझ्या हातातच दोरी होती. रेघ सरळच यायची. मुद्दाम वाकडी केली तर शाळेच्या फळ्यावर काढलेल्या नदीसारखी दिसायची.

धुकं उठल्यावर सफिया भरावाच्या उंच कडेवरून बराच वेळ बघत राहिली. मग खाली येऊन हळूच म्हणाली, "यावरून कधी कुणी चाललं असेल असं वाटत नाही, काका."

तिचं बरोबर होतं. आणि त्यावरून चाललेलं माणूस मला माहीत होतं. हिराआत्या, माझ्या वडिलांची बहीण. ती गावातच दिली होती. त्या प्लॉटमधली निम्मी खाचरं तिच्या सासरची. लग्न होऊन आली तेव्हापासून, शेत विकलं जाईपर्यंत, तिचा एक दिवस त्या बांधांवाचून गेला नव्हता. पण तिला तिथे आणावं असं मला वाटत नव्हतं. त्याचं कारण इथेच सांगून टाकतो.

प्लॉटच्या पश्चिम कडेला एक जुनं गोडाऊन आहे. ते काशिनाथच्या वडिलांनी, गाव ज्यांना शेठ म्हणायचं त्यांनी, बांधलं, आमच्या गावातलं पहिलं. त्याची आखणी हे माझं आयुष्यातलं पहिलं काम. त्यांच्या आणि आत्याच्या शेताच्या मध्ये एक तीन कोपऱ्यांचा तुकडा होता, दोन खोल्यांएवढा. त्याला तिखुंडी म्हणत. भाताला तो उपयोगाचा नव्हता. आत्याच्या सासऱ्यांनी तो तिला तोंडी देऊन टाकला होता. ती तिथे वाल लावायची, वांगी लावायची, कडेच्या आंब्याखाली हळद. टोपलीत घालून ते बाजारात विकायची आणि ते पैसे तिचे असायचे. घरात तिचं म्हणून दुसरं काही नव्हतं. मी खुंटी बांधावर ठोकली तेव्हा काशिनाथचे वडील म्हणाले, पोरा, एवढ्याशा तुकड्यासाठी भिंत वाकडी करणार का, खुंटी पलीकडे घे, रेघ सरळ येईल. मी खुंटी उपटली आणि पलीकडे घेतली. रेघ खरंच सुरेख सरळ आली. दोन दिवसांनी आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते विचारायला आले. मी त्यांना सांगितलं, नकाशात तसंच निघतंय मामा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नकाशात ती तिखुंडी नव्हतीच, कुठल्याच बाजूला.

त्यानंतर मी आत्याच्या घरी सणावाराला जायचो, जेवायचो, तिच्या पाया पडायचो. ती मला कधीच काही बोलली नाही. मामा गेले तेव्हा खांदा दिला. खुंटीचं मी कुणाजवळ बोललो नाही.

आत्या आता ऐंशीच्या पुढची. मुलगा-सुनेजवळ नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. सून चांगली सांभाळते. पण आत्याचं बोलणं कमी झालं होतं, आणि बोलली की वेळेचं भान नसायचं. भर थंडीत विचारायची, लावणी झाली का. दिवसभर गॅलरीत बसून खाली बघायची, जिथे बघण्यासारखं पार्किंगपलीकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन आलो. आणावं लागलंच. सफियाला दुसरं कोण सांगणार होतं. बरोबर प्लास्टिकची खुर्ची घेतली होती, की ती बसून हाताने दाखवेल. धुकं दाट होतं. आत्याने चपला काढल्या, मुरमावर पाय ठेवला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"ही माती आमची न्हाय," ती म्हणाली.

मी सांगितलं, आपली खाली आहे, चार हात खाली.

तिने मान हलवली, जसं काही कुणी सांगितलं की माणूस घरात झोपलाय. मग सभोवार बघितलं. धुक्यात तिला काय दिसणार होतं. धुक्याच्या वर लांबच्या डोंगराची नुसती कड दिसत होती, तेवढी तिने डोळ्यांनी धरली. लुगडं खोचलं आणि चालायला लागली.

ती खुर्ची दिवसभर रिकामी राहिली.

ती ज्या चालीने चालली ती मी विसरणार नाही. सपाट भरावावर, पण एकामागे एक पाऊल टाकत, हात किंचित बाजूला काढून, अरुंद बांधावरून पाण्यात पडू नये म्हणून चालतात तशी. मध्येच तिचं पाऊल लांब पडायचं. तिथे पाणी सोडायची मोरी असायची. एका जागी ती वळसा घालून गेली. तिथे वारूळ होतं, ते मलाही तेव्हा आठवलं. मी तिच्या मागून फक्की सोडत जात होतो, आयुष्यात पहिल्यांदा पुढे तोंड करून. पुढे बघितल्याशिवाय तिचं पाऊल कुठे पडतंय ते कळणार नव्हतं. रेघ आपोआप वाकत होती. माझा हात फक्त उघडा होता.

चालता चालता ती खाचरांची नावं घ्यायची, आणि सफिया मागून वहीत लिहायची. हे कोंडीचं, हे लांबोडं, हे सासूबाईंचं. इथे कोलम चांगला यायचा, इथे नुसता लव्हाळा. आवणाचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, भारा डोक्यावर असला की विहिरीपासून इथवर साठ पावलं, रिकाम्या हाताने पन्नास. मी मोजून बघितलं. भार नसतानाही तिची साठ भरली.

तीन सकाळी असंच चाललं. ऊन चढेपर्यंत चालायचं, मग तिला घरी सोडायचं. सून म्हणाली, रात्री जेवण मागून घेतायत. प्लॉटवर हळूहळू पांढरं जाळं पसरत होतं. त्यातल्या तिसऱ्या सकाळी धुकं उठलं आणि आम्ही तिघं भरावाच्या कडेवर उभे होतो, तेव्हा खाली आमच्या गावचं शिवार होतं. पाणी नाही, भात नाही, हिरवं काही नाही. दोन बगळे येऊन एका खाचराच्या मधोमध उभे राहिले. कदाचित ते रोजच येत असतील. आत्या त्यांच्याकडे बघून समाधानाने हुं म्हणाली, आणि मलाही क्षणभर वाटलं की आता फक्त पाऊस यायचा बाकी आहे.

बातमी गावात गेली होती. भाऊबंद बघायला यायला लागले. पँट-शर्टातली, गाडीवरून आलेली माणसं, पण फाटकातून आत आली की आपोआप आपापल्या खाचरात जाऊन उभी राहायची. रेघेवर कुणी पाय देत नव्हतं. कुणी म्हणायचं, आमचं एवढंच होतं काय, मला वाटायचं खूप मोठं होतं. एक जण म्हणाला, हा बांध आमच्याकडे जास्त सरकलाय, मोजणी मागवायला पाहिजे. तो हसत म्हणाला, पण ते काशिनाथच्या कानावर गेलं.

आत्या यायला लागल्याच्या चौथ्या दिवशी, रविवारी, सकाळीच त्याची गाडी येऊन उभी राहिली. त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, मी रीतसर विकत घेतलीय ही जमीन, कागद पक्के आहेत, आणि तू हे काय उकरून काढतोयस. चित्रबित्र पुरे झालं, आज टँकर मागवतो आणि पाणी मारून घेतो. त्याचा राग खोटा नव्हता. त्याने खरंच विकत घेतली होती. मी त्याला म्हणालो, एकच बांध राहिलाय, पश्चिमेचा, तेवढा होऊ दे. पश्चिमेचा बांध कुठे जातो ते मला माहीत होतं.

आत्या तोवर निघालीही होती. मी धावत मागे गेलो आणि फक्की सोडायला लागलो. ती नेहमीसारखी चालत होती, पाऊल न अडखळता, सरळ जुन्या गोडाऊनच्या दिशेने. भिंत धुक्यातून पुढे आली. आत्या तिच्याजवळ जाऊन थांबली. हात लावून बघितला.

"दत्तू, बांद पुडं हाय," ती म्हणाली. "मधी भित कुनी घातली?"

सफिया माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं आत्याचं भान सुटलं. तिने मला हळूच विचारलं, रेघ इथेच थांबवूया का. काशिनाथ मागून येत होता. मी हो म्हणालो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं, पूर्वीही कळलं नव्हतं.

मी फक्कीचा डबा खाली ठेवला. "आत्ये, भिंत शेठनी घातली, पण खुंटी मी ठोकली. बांधावर ठोकायची ती मी पलीकडे ठोकली. मामांना मी खोटं सांगितलं."

आत्याने भिंतीवरचा हात काढला नाही.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मी आंब्याखाली व्हते, वांगी तोरत. पयली खुंटी तू बांदावरच ठोकलीस. मंग उपटलीस."

एवढी वर्षं मी ज्या ताटात जेवलो ते तिने वाढलेलं होतं. मी कसंबसं विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तुजे मामा कोयता घेऊन धावले अस्ते. शेठवर न्हाय तं तुज्यावर. आन् तुजं पयलंच काम व्हतं. वाल फुलावर व्हते. लय दिस मी त्या वाटंनी गेले न्हाय."

एवढंच ती बोलली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. ज्याची मागायची ते तिने त्याच सकाळी, आंब्याखाली उभं राहून, एकटीने निभावून नेलं होतं.

काशिनाथने सगळं ऐकलं होतं. तो काही वेळ मोबाइल हातात फिरवत राहिला. मला वाटलं आता टँकरला फोन लावणार. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

"शटर उघडतो," तो सफियाकडे न बघता म्हणाला. "फोटो काढायचा न्हाय."

सफियाने कॅमेरा बॅगेत घातला आणि बॅग बाहेरच ठेवली.

आत कुणी नव्हतं, रविवार असल्यामुळे. छपरापर्यंत रॅक, त्यांत लहान मुलांच्या डायपरचे खोके. वरच्या पत्र्यातून दुधट उजेड येत होता आणि शटरखालून धुकं आमच्या पायांशी आत शिरलं होतं. गुळगुळीत काँक्रीटवर आत्या अनवाणी चालली. त्या एवढ्या मोठ्या जागेत तिच्या पावलांचाही आवाज नव्हता. मी मागून फक्की सोडत गेलो. ती कोपऱ्याशी गेली तर वाटेत खोक्यांनी भरलेली एक लाकडी फळी, पॅलेट म्हणतात ती, आडवी. आत्या तिच्यासमोर उभी राहिली, गाय आडवी आली तर उभं राहावं तशी. काशिनाथ गेला, हातगाडी आणली, फळीखाली घातली आणि स्वतः ओढून ती बाजूला केली. इतक्या वर्षांत त्याला वजन ओढताना मी बघितलं नव्हतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

तिखुंडीच्या दोन बाजू मी मारल्या. तिसरीला आत्याने माझ्याकडे हात पसरला. मी तिच्या ओंजळीत फक्की घातली. ती वाकली आणि शेवटची बाजू तिने स्वतः काढली, हळद लावताना सरीत कांडं टाकत जावं तशी, थोडी थोडी. मग आतमध्ये जाऊन जमिनीवर मांडी घालून बसली. आम्ही तिघं रेघेबाहेर उभे राहिलो. तिने आत या म्हटलं नाही. बराच वेळ ती तिथे बसून होती, खोक्यांकडे तोंड करून, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला मागून दिसत नव्हतं.

सोमवारी गोडाऊनमधल्या माणसांनी जमीन पुसली, तशी ती रेघ गेली. बाहेरचे बांध दोनतीन दिवस राहिले. काशिनाथने टँकर आणला नाही. मग वारा सुटला, एका बाजूने फक्की उडाली, दंवात काही मुरमात मुरली, कुत्री फिरली, गाड्या फिरल्या. सफिया रोज येऊन विरताना बघायची, वहीत लिहायची. माझ्याच्याने ते बघवलं नाही, म्हणून मी गेलो नाही. संक्रांतीनंतर तिपाईवरचं यंत्र आलं आणि तिथे नव्या गोडाऊनची आखणी झाली. काशिनाथ माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतो, फक्त दत्त्या म्हणत नाही, दत्ता म्हणतो. आत्याच्या सुनेकडे त्याने एकदा वालाच्या शेंगांची पिशवी पाठवली होती. त्याने ती कुठून आणली, काय मनात धरून पाठवली, ते त्याने सांगितलं नाही आणि आत्यानेही विचारलं नाही. सुनेने भाजी केली, ती सगळ्यांनी खाल्ली.

त्यानंतर सफिया एकदा आत्याकडे आली. मुंबईत तिचं प्रदर्शन लागणार होतं. एक मोठा फोटो, भरावाच्या कडेवरून काढलेला, आणि शेजारी एक कागद. त्या कागदावर कुणी कुठून कुठे चालायचं आणि कुठल्या खाचराला काय म्हणायचं, एवढंच लिहिलेलं. ज्याला वाटेल त्याने कुठल्याही मोकळ्या जमिनीवर ते बांध पुन्हा घालावेत. तिला नावं तपासून हवी होती. मला तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

आत्या गॅलरीतून आत आली आणि चटईवर बसली. फोटो तिच्यासमोर पसरला. तिला वाचता येत नाही, पण तो फोटो तिने लगेच वाचला. बोट ठेवून ती एकेक खाचर सांगत गेली आणि सफिया कागदावर खूण करत गेली. कोंडीचं. लांबोडं. सासूबाईंचं. वारुळाचं. बोट पश्चिमेच्या बांधावरून पुढे सरकलं आणि जुन्या गोडाऊनच्या भिंतीशी आलं. फोटोत रेघ तिथे संपते. बघणाऱ्याला वाटेल, बांध तिथवरच होता.

आत्याचं बोट थांबलं नाही. ते फोटोच्या कडेवरून खाली उतरलं, चटईवर थोडं पुढे गेलं आणि तिथे तिने तीन कोपऱ्यांचा एक तुकडा काढला.

"आन् ही तिखुंडी," ती म्हणाली. "ही माजी."

सफियाने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. आत जे झालं त्याचा फोटो घ्यायचा नाही असं ठरलं होतं. लिहायचं की नाही ते कुणी बोललं नव्हतं.

"लिही," मी म्हणालो. "तिखुंडी, हिराबाईची. आणि खुंटी कुणी हलवली तेही लिही."